रोज नवी कृती शोधू नका, जुन्या कृतीत एक गोष्ट बदला

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, शाळा सुरू व्हायला अवकाश आहे आणि तुम्ही रोज तासभर त्याच्यासाठी राखून ठेवता. अक्षरे आणि अंक गिरवण्याची छापील पाने तुम्ही आणली, कृतींच्या लांबलचक याद्याही जमवल्या, पण तो पाच मिनिटांत उठून जातो. त्यातच नात्यातले त्याच्याच वयाचे एक मूल वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणते, त्यामुळे आपले काहीतरी चुकते आहे अशी धास्ती तुम्हांला वाटते. रोज नवी कृती आणायची कुठून आणि त्याचे लक्ष टिकवायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत आणि आणखी कृती जमवून ते सुटणार नाहीत. बालवाडीत मुलांबरोबर काम करताना आणि नंतर नव्या शिक्षिकांना तयार करताना मी पाहत आले आहे, की मूल कृती सोडून उठते ते बहुधा दोन कारणांनी : एक तर त्यात त्याला स्वतः ठरवण्यासारखे काही नसते, नाहीतर ते काम त्याच्या आजच्या कुवतीच्या फार अलीकडे किंवा फार पलीकडे असते. ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवणे या वयाच्या मुलासाठी दोन्ही बाजूंनी फसते, कारण बोटांना ते जड जाते आणि डोक्याला त्यात काही कामच नसते. तेव्हा तुमचा मुलगा उठून जातो यात मला त्याच्या एकाग्रतेचा दोष दिसत नाही. चार-पाच साध्या कृती निवडाव्यात, त्याच पुन्हा पुन्हा कराव्यात आणि मूल नेमके काय करते आहे हे पाहून दर वेळी त्यांतली एकच गोष्ट बदलावी, असे मी सुचवीन.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरात त्याच्याहून लहान, सगळे तोंडात घालणारे भावंड असेल तर साहित्य वेगळे निवडावे लागेल. घरात दोन भाषा बोलल्या जात असतील तर एकेका भाषेतले त्याचे शब्द मोजून घाबरू नये, दोन्ही मिळून पाहावे. साडेतीन वर्षांच्या दोन मुलांत हातांच्या कौशल्याचा किंवा बोलण्याचा मोठा फरक असू शकतो आणि दोघेही अगदी ठीक असू शकतात. म्हणून खाली जिथे मी वयाचा उल्लेख केला आहे, तिथे तो अंदाज समजावा.

हातांच्या कामापासून सुरुवात करते, कारण घरात ते सर्वांत सहज जमते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा सुरू केली, तेव्हा ओतणे, पुसणे, बटणे लावणे, भांडी मांडणे अशी रोजची कामे त्यांनी शिक्षणाचा भाग म्हणून मुलांच्या हाती दिली. लाकडी दंडगोल त्यांच्या खाचांत बसवण्यात गुंगलेल्या, सुमारे तीन वर्षांच्या एका मुलीचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. भोवती मुद्दाम गडबड केली तरी तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि मग समाधानाने थांबली. या वयाची मुले एका जागी टिकत नाहीत असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा मला ही मुलगी आठवते.

ओतण्याचीच कृती घ्या. दोन छोटी, कान असलेली भांडी, एकात अर्धे भरेल इतके कोरडे धान्य आणि सांडलेले आवरता यावे म्हणून खाली एक कडा असलेले ताट, एवढ्यावर सुरुवात होते. प्रथम तुम्ही एकदा सावकाश, शक्यतो न बोलता करून दाखवा, कारण बोलणे सुरू झाले की मूल हातांकडे पाहायचे सोडून तोंडाकडे पाहू लागते. मग ते त्याच्याकडे द्या आणि फक्त पाहा. तो दुसऱ्या हाताने भांड्याला आधार देतो का, ओतताना दुसऱ्या भांड्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवतो का, काठोकाठ भरण्याआधी थांबतो का? हे तिन्ही जमत असेल तर धान्याच्या जागी पाणी आणा. पाणीही न सांडता जमू लागले की एकाऐवजी दोन पेल्यांत सारखे ओतायला सांगा, किंवा पेल्यावर एक रेघ काढून तिथपर्यंतच भरायला सांगा, किंवा अरुंद तोंडाची बाटली आणि नरसाळे द्या. एका वेळी एकच बदल करायचा. पाणी आणि अरुंद बाटली एकदमच दिली आणि त्याचे बिनसले, तर अडचण कशाची होती हे तुम्हांला कळणार नाही. सांडणार हे गृहीत धरून शेजारी फडके ठेवा आणि पुसण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा. ओले फडके पिळताना मनगटाला आणि बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढे लेखनाला उपयोगी पडतो.

कपडे वाळत घालण्याचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणे, मोठ्या चमच्याने एका वाटीतून दुसरीत वस्तू नेणे, डब्यांना आपापली झाकणे बसवणे, मळलेल्या पिठाच्या गोळ्याला चिमटे काढून छोट्या गोळ्या करणे ही सगळी त्याच जातीची कामे आहेत. यांतले एखादे तो स्वतःहून रोज मागेल. ते तेच ते आहे म्हणून काढून घेऊ नका.

आता अंकांकडे वळते, आणि इथे थोडे थांबून लिहिणार आहे, कारण तुमची धास्ती मुख्यतः याच्याविषयी आहे. वीसपर्यंत अंक म्हणणे आणि मोजता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली, त्यांतली तीन घरी रोज डोळ्यांना दिसतात : प्रत्येक वस्तूला एकच अंक देणे, अंक ठरलेल्या क्रमानेच म्हणणे आणि शेवटी म्हटलेला अंक हीच एकूण संख्या असते हे समजणे. पहिल्या दोन गोष्टी मुले पाठांतराने आणि बोट ठेवण्याच्या सवयीने बऱ्यापैकी करतात. तिसरी उमगायला वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासांत साधी विनंती होती : या ढिगातल्या अमुक इतक्या वस्तू मला दे. दहापर्यंत अंक म्हणणारी कित्येक मुले 'तीन दे' म्हटल्यावर मूठभर वस्तू उचलून देत. मुले आधी 'एक'चा अर्थ शिकतात, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा, आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचा खरा उपयोग त्यांच्या लक्षात येतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे तीन ते साडेचार वर्षांच्या दरम्यान घडते. नात्यातले ते मूल वीसपर्यंत म्हणते ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याला 'चार दे' म्हटल्यावर ते काय करते हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही.

तेव्हा तुमच्या मुलाचा अंदाज आधी घ्या. बटणांचा किंवा ठोकळ्यांचा ढीग पुढे ठेवून खेळाच्या ओघात 'बाहुलीला दोन दे' म्हणा. बरोबर दिले तर काही वेळाने 'तीन दे' म्हणा. ज्या संख्येला तो मूठभर उचलून देतो, ती सध्या त्याची वेस आहे असे समजा आणि काम त्या वेशीवरच करा. तीनला अडत असेल तर दहा-वीसचा नाद तूर्त सोडून घरात तीनच्या संख्येने वस्तू दिसू द्या : तीन चमचे, तीन पायऱ्या, तीन टाळ्या, तीन उड्या. इथेही एकच गोष्ट बदलते. कधी वस्तू बदलते, कधी मांडणी. संख्या तीच राहते. तीन ठोकळे ओळीत, मग त्रिकोणात, मग एकावर एक ठेवून 'हे तीन' असे म्हणावे. तीन-चारपर्यंतच्या संख्या न मोजता नुसत्या नजरेने ओळखता येतात आणि ही नजर तयार झाली की मोजण्याला अर्थ येतो. चुकले तर 'नाही' म्हणण्याऐवजी त्याने दिलेल्या वस्तू त्याच्यासमोर एकेक करून मोजा, 'एक, दोन, तीन, चार, पाच. हे पाच झाले, आपल्याला तीन हवे होते' असे सांगा आणि जास्तीचे परत ठेवताना पुन्हा मोजा. उत्तर त्याला तुमच्या चेहऱ्यावर शोधावे लागू नये, वस्तूंमध्ये दिसावे.

यासाठी वेगळा तास लागत नाही. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाच्या जागी एकेक पेला ठेवणे हे एकास एक जोडी लावण्याचे उत्तम काम आहे, कारण एक पेला कमी पडला तर ते कोणी सांगावे लागत नाही. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, चमचे लहान-मोठे वेगळे करणे, ठोकळ्यांची लाल-निळा-लाल-निळा अशी रांग पुढे नेणे ही वर्गीकरणाची आणि आकृतिबंधाची कामे आहेत. वर्गीकरण करताना नियम त्याला ठरवू द्या आणि झाल्यावर 'हे इथे का ठेवलेस?' एवढेच विचारा. एका मुलाने मला सगळी बटणे 'जागी' आणि 'झोपलेली' अशी वेगळी करून दाखवली होती. झोपलेल्या बटणांची भोके भरून गेली होती, म्हणजे नियम पक्का होता आणि त्याने तो शेवटपर्यंत पाळला होता. मी रंगांप्रमाणे लावायला सांगितले असते तर ही विचारशक्ती दिसली नसती.

आणखी एक सूचना. पाच वस्तूंची रांग दाटीने लावली आणि मग त्याच वस्तू लांब लांब पसरल्या, तर या वयाचे मूल आता त्या जास्त झाल्या असे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवले, आणि सहा-सात वर्षांच्या आसपास मूल आपोआप त्यातून बाहेर येते. हे समजावून सांगून पटत नाही. वाद घालू नका, त्याला पसरू द्या आणि गोळा करू द्या.

भाषेसाठी पुस्तक पुरेसे आहे, मात्र ते वाचून दाखवण्यापेक्षा त्यावर बोलणे महत्त्वाचे आहे. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना मुलाला बोलते करत चित्रपुस्तक वाचण्याची पद्धत शिकवली होती, आणि महिनाभरात ती मुले शब्द वापरण्यात इतर मुलांच्या पुढे गेली. पद्धत सोपी आहे. 'हे काय आहे?' यापासून सुरू करून 'हा काय करतो आहे?', 'आता काय होईल असे तुला वाटते?' इथपर्यंत जायचे, आणि त्याने दिलेल्या उत्तराला एक-दोन शब्द जोडून ते परत म्हणायचे. तो 'कुत्रा पळाला' म्हणाला तर तुम्ही 'हो, काळा कुत्रा घाबरून पळाला' म्हणा. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले तर आनंदाने वाचा. पुस्तक तेच राहते, तुमचा प्रश्न मात्र दर वेळी थोडा पुढे सरकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वाचनात गोष्ट तो तुम्हांला सांगू लागतो.

अक्षरांआधी कानाची तयारी व्हावी, असे माझे ठाम मत आहे. घरातल्या वस्तूंची नावे घेत टाळ्या वाजवा. 'चमचा', 'बादली', 'खिडकी' या शब्दांना मूल दोनच टाळ्या वाजवेल, कारण आपण बोलतो तसे ते ऐकते. लिहिताना अक्षरे तीन असली तरी आत्ता ते दुरुस्त करू नका. मग पहिल्या आवाजाचा खेळ सुरू करा : 'पडदा, पेला, पंखा, आणखी काय आहे बरे तसेच?' स्वतःच्या नावाचा पहिला आवाज मुले फार लवकर ओळखतात, म्हणून पहिले अक्षर दाखवायचेच झाले तर त्याच्या नावातले दाखवा. आवाज कानात बसला आणि तो अक्षरांविषयी स्वतःहून विचारू लागला, की खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे बोटाने गिरवू द्या. त्यासाठी पेन्सिल लागत नाही.

पेन्सिलीची घाई नको याला शारीरिक कारणही आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात आणि या वयात त्यांतली काही अजून कूर्चेच्याच, म्हणजे हाड होण्याआधीच्या मऊ, लवचिक रूपात असतात. मुले आधी खडू मुठीत धरतात, मग सगळ्या बोटांनी, आणि तीन बोटांची स्थिर पकड बहुतेकांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. पाहून आकृती काढण्याचाही साधारण क्रम असतो : तीनच्या सुमारास गोल, चारच्या सुमारास फुली, मग चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. अक्षरांत तिरप्या रेघा आणि वळणे एकत्र येतात, हे पाहिले की तुमच्या मुलाला ती पाने का नकोशी वाटतात हे कळेल. त्याऐवजी भिंतीवर मोठा कागद चिकटवून उभ्याने रंगवू द्या, म्हणजे मनगट आपोआप योग्य स्थितीत येते आणि खांदाही काम करतो. खडू तोडून बोटभर तुकडे द्या, तुकडा लहान असला की मूठ करून धरताच येत नाही. मुलांची बोथट कात्री आणि कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या द्या. पट्टी एका कापात तुटते, त्यामुळे यश लगेच दिसते. नंतर पट्टी रुंद करत न्या.

धावणे, चढणे, उड्या मारणे याला अभ्यासाबाहेरचे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल, त्यातली किमान ६० मिनिटे जोमदार, १० ते १३ तास झोप आणि एका जागी बसून पडद्यापुढे जास्तीत जास्त एक तास, असे सुचवले आहे. टाळी वाजली की चालायचे आणि थांबली की पुतळा व्हायचे, हा खेळ मी सर्वांत जास्त वापरते, कारण त्यात स्वतःला आवरण्याचा सराव होतो. तो सोपा वाटू लागला की नियम उलटा करा.

बक्षिसाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी अशा वेळी घरात चांदण्या आणि चिकटचित्रांची लालूच सुरू होते म्हणून सांगते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ मधल्या प्रयोगात, ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढण्याबद्दल आधीच बक्षीस कबूल केले होते, त्यांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. मुळात आवडणाऱ्या कामाला बक्षीस लावू नये. 'शाब्बास' ऐवजी 'तू रेघेपर्यंत बरोबर थांबलास' असे जे दिसले ते सांगितले, की मुलाला नेमके काय साधले ते कळते.

तुमचा राखीव तास सलग न ठेवता त्याचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. त्याचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर तीन-चार ताटांत तीन-चार कृती मांडून ठेवा आणि निवड त्याला करू द्या. एखाद्या ताटाला तो आठवडाभर हात लावत नसेल तर ते उचलून ठेवा आणि काही दिवसांनी एक बदल करून परत आणा. तो गुंगलेला असताना कौतुकासाठीसुद्धा मध्ये बोलू नका. आणि नको म्हणाला तर नको. उद्या पुन्हा मांडता येते.

सुरक्षिततेबाबत मात्र सवलत नाही. बटणे, बिया, मणी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत, आणि मोठ्या मुलालाही तोंडात घालण्याची सवय असेल तर ठोकळे, झाकणे, मोठे चमचे वापरावेत. गोल चपट्या बॅटऱ्या आणि छोटे शक्तिशाली चुंबक या साहित्यात कधीही नसावेत, कारण ते गिळल्यास आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते. पाण्याच्या कृतीत तुम्ही हाताच्या अंतरावरच असले पाहिजे, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते. काम झाल्यावर बादली लगेच रिकामी करा.

या सगळ्यात अंकांची किंवा अक्षरांची काळजी मी करत नाही. करायची असेल तर वेगळ्या गोष्टींची करावी. या वयात तो तीन-चार शब्दांची वाक्ये बोलत नसेल, घराबाहेरच्या माणसांना त्याचे बोलणे बहुतांशी कळत नसेल, हाक मारल्यावर नेहमीच दुर्लक्ष होत असेल, किंवा आधी येत असलेले काही आता येईनासे झाले असेल, तर कृती बदलत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणचाचणीविषयी विचारा.

येत्या आठवड्यात फक्त दोनच गोष्टी करा : ओतण्याचे ताट मांडा आणि खेळता खेळता 'दोन दे', 'तीन दे' म्हणून पाहा. तो कोणत्या संख्येला मूठभर देतो आणि ओतताना दुसरा हात कुठे असतो, हे मला कळवा. मग पुढचा बदल कोणता करायचा ते नेमके सांगता येईल.